पिवळी पट्टी काय विचारते?

एप्रिल महिना आहे. परीक्षा संपल्या आहेत आणि निकाल तोंडावर आला आहे. समजा, शाळेच्या संगणकासमोर तुमच्या वर्गशिक्षिका बसल्या आहेत. तुम्हाला संगणक बऱ्यापैकी येतो, म्हणून त्यांनी तुम्हाला मदतीला बोलावले आहे. शेजारच्या शाळेतल्या एका सरांकडून पेनड्राइव्हवर एक तयार एक्सेल फाईल आली आहे. तिच्यात नुसते गुण भरायचे. बेरजा, शेकडेवारी, श्रेणी, एवढेच काय, प्रत्येकाचे गुणपत्रकसुद्धा ती फाईल आपोआप तयार करते म्हणे.

बाई फाईल उघडतात. पडद्यावर तक्ता येतो आणि त्याच्या माथ्यावर एक पिवळी पट्टी झळकते. 'सुरक्षेचा इशारा : मॅक्रो बंद ठेवले आहेत' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द तिच्यावर असतात आणि शेजारी एक बटण असते, 'इनेबल कन्टेन्ट'.

"ही पट्टी सारखी मध्ये येते बघ. दाबून टाक ते बटण," बाई म्हणतात.

तुम्ही काय कराल?

बहुतेक जण बटण दाबतात. काही जण घाबरून फाईलच बंद करतात. विद्यार्थी मित्रहो, खरे सांगायचे तर या दोन्ही गोष्टी सारख्याच चुकीच्या आहेत, कारण दोन्हींत पट्टीने काय विचारले ते वाचलेलेच नाही. ही पट्टी म्हणजे धोक्याची घंटा नव्हे आणि नुसती अडचणही नव्हे. तो एक प्रश्न आहे. मौज अशी की, अब्जावधी आकडेमोडी क्षणात करणाऱ्या संगणकाला त्याचे उत्तर देता येत नाही. ते तुम्हालाच द्यावे लागते. असे का, ते आज पाहू.

तक्त्यात आज्ञा कुठून आल्या?

जमाखर्च लिहिणारे लोक पूर्वी रुंद, समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेले तक्ते वापरीत. आडव्या ओळी, उभे रकाने आणि जेथे ते छेदतात तेथे एकेक घर. 'पसरलेला कागद' या अर्थानेच इंग्रजीत त्याला स्प्रेडशीट हे नाव पडले. या तक्त्यातली अडचण तुम्ही ओळखलीच असेल. एका घरातला आकडा चुकला, की पुढच्या सगळ्या बेरजा खोडून पुन्हा कराव्या लागत.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्र शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याला ही खाडाखोड खटकली. बॉब फ्रँकस्टन या मित्राबरोबर त्याने १९७९ साली 'व्हिसिकॅल्क' ही आज्ञावली बाजारात आणली. ती 'ॲपल २' या छोट्या संगणकावर चाले. एक आकडा बदला, की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलत. हे काम घरातली सूत्रे करीत. सूत्र म्हणजे 'वरच्या दहा घरांची बेरीज येथे लिही' असे वाक्य.

पण कचेरीतले काम नुसत्या बेरजांवर थांबत नाही. रोज तेच रकाने आखा, तीच नावे लिहा, तोच तक्ता छापा! १९८३ साली आलेल्या 'लोटस १-२-३' या आज्ञावलीने यावर एक युक्ती काढली. कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबायच्या, ते तक्त्याच्याच काही घरांत लिहून ठेवायचे आणि एका खुणेसरशी संगणकाकडून ते सारे करवून घ्यायचे. या लिहून ठेवलेल्या आज्ञामालिकेला 'मॅक्रो' म्हणतात. ग्रीक भाषेत 'मॅक्रोस' म्हणजे लांब किंवा मोठा. एका लहान खुणेत सामावलेली मोठी आज्ञा ती मॅक्रो. १९९३ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या 'एक्सेल'मध्ये मॅक्रो लिहिण्यासाठी 'व्हिज्युअल बेसिक' ही पूर्ण प्रोग्रॅमिंगची भाषाच बसवली आणि मॅक्रोचे बळ कित्येक पटींनी वाढले.

येथे सूत्र आणि मॅक्रो यांतला फरक नीट ध्यानात घ्या. सूत्र सामान्यतः आपल्या घरात बसून हिशेब करते. मॅक्रो मात्र तक्त्याबाहेर हात घालू शकतो. तो दुसरी फाईल उघडू शकतो, पुसू शकतो, टपाल पाठवू शकतो, इंटरनेटवरून काही उतरवून घेऊन ते चालवू शकतो. संगणकावर तुम्हाला जे जे करण्याची मुभा आहे, ते बहुतेक सारे तुमच्या नावाने मॅक्रोलाही करता येते.

करून पहा

हे पुस्तकी वाटत असेल तर स्वतःच एक मॅक्रो तयार करा. दहा मिनिटांचे काम आहे.

१. एक्सेलमध्ये कोरी फाईल उघडा. वरच्या 'व्ह्यू' या भागात 'मॅक्रोज' असे लिहिलेले सापडेल. त्याखालचे 'रेकॉर्ड मॅक्रो' निवडा, सुचवलेले नाव तसेच ठेवा आणि 'ओके' म्हणा.

२. आता एका घरात आपले नाव लिहा, त्याखालच्या घरात शाळेचे नाव लिहा आणि दोन्ही ठळक करा. मग 'मॅक्रोज'खालीच 'स्टॉप रेकॉर्डिंग' निवडा.

३. लिहिलेले सारे पुसून टाका. 'व्ह्यू मॅक्रोज' उघडा आणि 'रन' दाबा. तुमचे व शाळेचे नाव क्षणात पुन्हा उमटेल.

४. त्याच ठिकाणी 'एडिट' दाबा. तुम्ही जे हाताने केले ते इंग्रजी वळणाच्या ओळींत लिहिलेले दिसेल. अमुक घर निवड, त्यात हा मजकूर लिही, अक्षर ठळक कर. हाच तुमचा मॅक्रो.

५. फाईल साठवताना एक गोष्ट दिसेल. नेहमीच्या, म्हणजे 'एक्सएलएसएक्स' या शेपटाच्या फाईलमध्ये मॅक्रो ठेवायला एक्सेल नकार देते. त्यासाठी 'मॅक्रो-इनेबल्ड वर्कबुक' हा प्रकार निवडावा लागतो आणि फाईलचे शेपूट 'एक्सएलएसएम' होते.

६. ही फाईल पेनड्राइव्हवर घेऊन मित्राच्या संगणकावर उघडा. त्याने नेहमीची व्यवस्था बदललेली नसेल, तर पिवळी पट्टी दिसेल.

आता विचार करा. तुमच्या मॅक्रोने काय केले होते? फक्त दोन नावे लिहिली होती. तरीही तोच इशारा! म्हणजे 'ही फाईल वाईट आहे' असे पट्टी म्हणत नाही. ती एवढेच सांगते, 'या फाईलमध्ये आकड्यांखेरीज आज्ञाही आहेत. त्या कुणाच्या, हे मला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे का?'

कागद बोलू लागला तर

तुम्ही विचाराल, आकडे वेगळे आणि आज्ञा वेगळ्या नसतात का? माणसाच्या दृष्टीने असतात, पण संगणकाच्या स्मृतीत दोन्ही शून्य आणि एक या दोनच चिन्हांनी लिहिलेली असतात. माहिती आणि आज्ञा एकाच स्मृतीत ठेवाव्या, ही रचना जॉन फॉन नॉयमान या गणितज्ञाने १९४५ साली लिहिलेल्या अहवालातून प्रसिद्धीस आली. आजचे संगणक त्याच तत्त्वावर चालतात. त्यामुळेच एक यंत्र हजारो कामे करू शकते. पण त्यामुळेच माहितीच्या पोटात आज्ञा लपून येऊ शकते.

त्यातून एक सोय अशी केली गेली होती की, फाईल उघडताच काही मॅक्रो आपोआप चालावेत. हेतू चांगला होता. फाईल उघडली की आजची तारीख पडावी, जुने गुण बाजूला जावेत, असल्या कामांसाठी ती सोय होती. पण १९९५ साली 'कन्सेप्ट' नावाचा विषाणू पसरला. तो 'वर्ड'च्या मजकुरातून जाई. मजकूर उघडला की त्यातला मॅक्रो स्वतःची नक्कल दुसऱ्या मजकुरांत करी. त्याने फारसे नुकसान केले नाही, पण साधा वाटणारा कागदही रोग पसरवू शकतो, हे जगाला दाखवून दिले. पुढच्याच वर्षी 'लारू' हा विषाणू एक्सेलच्या फायलींतून फिरू लागला. तेव्हा, ऑफिस ९७ या आवृत्तीपासून, मॅक्रो असलेली फाईल उघडण्यापूर्वी एक्सेल विचारू लागले, 'चालू ठेवू की बंद?' आपल्या पिवळ्या पट्टीची ही आजी!

२६ मार्च १९९९ या दिवशी 'मेलिसा' आला. ओळखीच्या माणसाकडून पत्र येई, 'तू मागितलेला कागद सोबत जोडला आहे' अशा अर्थाचे. तो उघडून मॅक्रो चालू केला, की संगणकातील पत्त्यांच्या वहीतील पहिल्या ५० जणांना तेच पत्र तुमच्या नावाने जाई. गणित करून पहा. पहिल्या फेरीत ५०, दुसऱ्या फेरीत ५० गुणिले ५० म्हणजे २,५००, तिसऱ्या फेरीत १,२५,०००. प्रत्यक्षात सगळेच काही पत्र उघडत नाहीत, तरी टपालाची यंत्रणा कोलमडायला एवढे पुरेसे झाले. अनेक मोठ्या कंपन्यांना आपली टपालसेवा काही काळ बंद ठेवावी लागली. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. संगणकात शिरताच मेलिसा मॅक्रोविषयीच्या इशाऱ्याची व्यवस्थाच ढिली करून टाकी. चोराला कुत्र्याची अडचण सर्वांत आधी होते, तसेच हे!

एका होकारापासून अंधारापर्यंत

टपाल बंद पडणे ही गैरसोय झाली. पण यापेक्षा मोठे काही घडू शकते का? घडले आहे.

२०१५ सालच्या वसंत ऋतूत युक्रेनमधील वीजवितरण कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना पत्रे आली. सोबत एक्सेल आणि वर्डच्या फायली होत्या. त्या उघडल्यावर 'मॅक्रो चालू करा' अशी सूचना दिसे. काहींनी ते केले. वरकरणी काहीच घडले नाही. दिवे लागलेलेच होते, काम चाललेलेच होते. पण त्या मॅक्रोने 'ब्लॅकएनर्जी' नावाची घातक आज्ञावली संगणकात आणून बसवली होती. त्या वाटेने आत आलेल्या लोकांनी अनेक महिने शांतपणे जाळे न्याहाळले, परवलीचे शब्द मिळवले आणि वीज नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेपर्यंत मजल मारली.

२३ डिसेंबर २०१५. हिवाळ्यातली दुपार. नियंत्रणकक्षातील कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा माऊसचा बाण आपोआप फिरू लागला आणि उपकेंद्रांचे खटके एकामागून एक बंद करू लागला. तीन कंपन्यांच्या सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली. शेवटी कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हातांनी खटके चढवले. काही तासांनी वीज आली, पण नियंत्रणयंत्रणा पूर्ववत व्हायला पुढे बराच काळ लागला.

हे सगळे एका मॅक्रोने केले का? नाही. मधे अनेक पायऱ्या होत्या. पण पहिली पायरी कुणाच्या तरी साध्या होकाराची होती. तो होकार देणारा माणूस मूर्ख नव्हता. घाईत होता, एवढेच.

आपल्या शाळेत वीजकेंद्र नाही, हे खरे. पण शाळेच्या संगणकात काय काय असते ते आठवा. शेकडो मुलांची नावे, जन्मतारखा, पत्ते, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी दिलेले बँकेचे खाते क्रमांक. परीक्षेचे गुण पुन्हा भरता येतील, पण हे आकडे एकदा बाहेर गेले की परत आणता येत नाहीत.

संगणकच का ठरवत नाही?

आता मूळ प्रश्न. एवढा हुशार संगणक स्वतःच मॅक्रो वाचून चांगले-वाईट का ठरवत नाही?

पहिले कारण सोपे आहे. 'जुनी फाईल पुसून टाक' ही आज्ञा घ्या. नवे वर्ष सुरू होताना गेल्या वर्षीचा तक्ता पुसण्यासाठी सरांनी ती लिहिली असेल, तर ती उपयोगाची. तुमचा निकाल नाहीसा करण्यासाठी कुणी लिहिली असेल, तर ती घातक. अक्षरे मात्र तीच! सुरी भाजी चिरते आणि बोटही कापते. सुरीकडे पाहून ते कळत नाही. हेतू आज्ञेच्या अक्षरांत लिहिलेला नसतो.

दुसरे कारण गणिताचे आहे. १९८४ साली फ्रेड कोहेन या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिले की, प्रत्येक विषाणू ओळखणारी आणि कधीच न चुकणारी आज्ञावली असूच शकत नाही. त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. समजा, कुणी असा अचूक 'परीक्षक' बनवला. आता एक खोडकर आज्ञावली अशी लिहा, 'आधी परीक्षकाला माझ्याविषयी विचार. तो मला विषाणू म्हणाला, तर काहीही करू नकोस. तो मला निर्दोष म्हणाला, तर पसरायला लाग.' परीक्षकाने हिला काय म्हणावे? 'विषाणू' म्हणाला तर ती काहीच करत नाही, म्हणजे तो चुकला. 'निर्दोष' म्हणाला तर ती पसरते, म्हणजे तो पुन्हा चुकला! कागदावर हे मांडून पहा आणि मित्राला समजावून सांगा.

याचा अर्थ विषाणूरोधक आज्ञावली निरुपयोगी आहेत, असा नव्हे. ओळखीचे असंख्य विषाणू त्या अचूक पकडतात. पण अनोळखी मॅक्रोविषयी शेवटचा शब्द त्यांना देता येत नाही. म्हणून तो प्रश्न पट्टीवर लिहून तुमच्याकडे येतो. फाईल कुणी दिली, कशासाठी दिली, हे संगणकाला ठाऊक नसते. तुम्हाला असते, किंवा फोन करून विचारता येते.

पिवळी, लाल आणि शिक्कामोर्तब

विंडोजवरील एक्सेलमध्ये आज दोन रंगांच्या पट्ट्या विशेष दिसतात. इंटरनेटवरून किंवा ई-पत्रातून उतरवलेल्या फाईलला विंडोज एक अदृश्य खूण चिकटवते. 'ही बाहेरून आली आहे' असा तिचा अर्थ. पूर्वी अशा फाईलच्या पट्टीवरही होकाराचे बटण असे. लोक ते सरसकट दाबतात हे पाहून मायक्रोसॉफ्टने २०२२ साली धोरण बदलले. आता खूण असलेल्या फाईलमधील मॅक्रो अडवले जातात, लाल पट्टी येते आणि तिच्यावर होकाराचे बटणच नसते.

मग आपल्या बाईंच्या फाईलवर पिवळी पट्टी कशी? येथेच मेख आहे. ही खूण विंडोजच्या एका विशिष्ट प्रकारच्या साठवणीतच टिकते. बहुतेक पेनड्राइव्ह वेगळ्या पद्धतीने आखलेले असतात. त्यांवर फाईल उतरली की खूण गळून पडते. समजा, त्या सरांनी ती फाईल इंटरनेटवरून घेतली असेल. त्यांच्या संगणकावर ती लाल पट्टी दाखवील आणि तीच फाईल पेनड्राइव्हने आपल्याकडे आल्यावर पिवळी! म्हणून पिवळी म्हणजे कमी धोका, असे समजू नका. पिवळी म्हणजे फक्त 'मला हिचा प्रवास ठाऊक नाही'.

पिवळ्या पट्टीवरचे बटण दाबल्यावर आणखी एक गोष्ट होते. ती फाईल त्या संगणकावर विश्वासू ठरते आणि पुढच्या वेळी पट्टी येतच नाही. एका क्षणाचा होकार कायमचा होतो.

फाईल खरोखर त्याच माणसाची आहे, हे कळण्याचा एखादा मार्ग आहे का? आहे. शिवकालीन पत्रांचे नमुने तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात पाहिले असतील. पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे. पत्र कुणाचे हे त्यावरून कळे. मजकूर संपला तेथे मोर्तब असे, म्हणजे त्यापुढे कुणी एखादी ओळ घुसडू नये. 'शिक्कामोर्तब' हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द त्यातूनच आला. मॅक्रोवर अंकीय सही करतात, तीही हीच दोन कामे करते. मॅक्रोच्या सर्व अक्षरांवरून गणिताने एक छोटा ठसा काढतात आणि तो लिहिणाऱ्याच्या गुप्त किल्लीने बंद करतात. मॅक्रोतले एक अक्षर जरी बदलले, तरी ठसा जुळत नाही आणि सही मोडते. मात्र सही 'कोण' आणि 'बदल झाला का' एवढेच सांगते. लिहिणारा सज्जन आहे की नाही, हे ती सांगत नाही.

'लिबरऑफिस' वापरणाऱ्या शाळांनीही हे ध्यानात घ्यावे. त्यात सुरक्षेच्या चार पायऱ्या आहेत : कमी, मध्यम, उच्च आणि अतिउच्च. मुळात ती 'उच्च'वर असते. तेथे विश्वासू न ठरवलेले मॅक्रो चालतच नाहीत. 'मध्यम'वर ते तुम्हाला विचारते. 'कमी'वर काहीच विचारत नाही, म्हणून तिकडे जाऊ नये.

मग करावे काय?

पट्टी दिसली की बटणाकडे हात नेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : ही फाईल कुणी तयार केली? कुणी 'पाठवली' असे नव्हे. कुणी 'तयार केली'? मेलिसाची पत्रे ओळखीच्या माणसांच्या नावानेच येत होती, हे विसरू नका. शंका असेल तर त्या माणसाला फोन करा. त्याच पत्राला उत्तर पाठवून विचारू नका; उत्तर भलताच कुणी देईल.

दुसरा प्रश्न : या फाईलमध्ये मॅक्रो असण्याचे कारण आहे का? नुसत्या सहलीच्या यादीला मॅक्रो कशाला हवा? उलट, आयकर विवरणपत्र भरण्यासाठी आयकर खात्याने दिलेल्या एक्सेल फायलींत मॅक्रो असतात आणि ते चालू केल्याशिवाय काम होत नाही. तेथे मॅक्रो असण्याला कारण आहे. पण ती फाईल खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावी, कुणी पुढे ढकललेली नव्हे.

तिसरा प्रश्न : मॅक्रोशिवाय माझे काम होईल का? मॅक्रो बंद असतानाही आकडे वाचता येतात. केवळ वाचायचे असेल तर होकाराची गरजच नाही. 'मजकूर दिसण्यासाठी बटण दाबा' असे चित्र अनोळखी फाईलमध्ये दिसले, तर तिथेच सावध व्हा. भ्रमणध्वनीवरच्या एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालतच नाहीत. तेथे फाईल उघडून आत काय आहे ते आधी पाहता येते.

तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तर होकार देण्यात भीती नाही. फाईल खात्रीची असूनही लाल पट्टी आली, तर ती बंद करा, फाईलच्या नावावर माऊसची उजवी कळ दाबा आणि 'प्रॉपर्टीज'मध्ये तळाशी असलेल्या 'अनब्लॉक' या चौकटीत खूण करा. ही मोकळीक त्या एकाच फाईलपुरती राहते. 'ट्रस्ट सेंटर'मधील 'सर्व मॅक्रो चालू' हा पर्याय मात्र कधीही निवडू नका. एका पाहुण्यासाठी दार उघडणे निराळे आणि दारच काढून ठेवणे निराळे.

पुन्हा त्या संगणकासमोर

आता एप्रिलमधल्या त्या दुपारी परत जाऊ. बटण न दाबता तुम्ही म्हणालात, "बाई, आधी त्या सरांना विचारू या का, फाईल कुणी बनवली ते?"

बाईंनी फोन लावला. सर म्हणाले, "मी नाही हो बनवली. मलाही कुणीतरी पाठवली होती. वर्षभर वापरतोय, काही झालं नाही."

यात पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले का? नाही. 'काही झाले नाही' हे उत्तर नव्हे. युक्रेनमध्येही कित्येक महिने काही झाले नव्हते. मग तिसरा प्रश्न विचारा. साठ मुलांच्या बेरजा, शेकडेवारी आणि श्रेणी यांना मॅक्रो लागतो का? मुळीच नाही. बेरजेचे एक सूत्र, शेकडेवारीचे एक सूत्र आणि श्रेणीसाठी अटीचे एक सूत्र पहिल्या ओळीत लिहायचे आणि साठाव्या ओळीपर्यंत खाली ओढायचे. अर्ध्या तासाचे काम! फाईल साध्या 'एक्सएलएसएक्स' शेपटाची राहील आणि पट्टी येणारच नाही.

"मग दाखव बघू करून," बाई म्हणाल्या, तर तुम्हाला ते येते का? येत नसेल, तर निकालाची वाट न पाहता आजच करून पहा. शिक्षकांनीही आपल्या निकालाच्या फाईलचे शेपूट एकदा तपासावे. 'एक्सएलएसएम' असेल तर तिच्यात मॅक्रो असू शकतात. जुन्या 'एक्सएलएस' फाईलमध्येही ते असू शकतात आणि नावावरून ते ओळखू येत नाही. ती फाईल कुणी बनवली, हे सांगता येत नसेल, तर सुट्टीत या मुलांना बरोबर घेऊन स्वतःची नवी फाईल बनवायला हरकत नाही.